संथ डेथ मेटल आणि गाणारी गिटार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅटाटोनिया, अमॉर्फिस, सॅटर्नस, ड्रेकोनियन, स्वॅलो द सन. स्कँडिनेव्हियन संथ डेथ मेटलमधल्या बँडची ही नावं नव्याने ऐकणाऱ्यांना साधारण सारखेच प्रश्न पडतात. बरीच वर्षं मेटल ऐकणाऱ्यांनाही त्यातले काही पडतात आणि शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना तर थोडे वेगळेच. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

संथ डेथ मेटल म्हणजे काय? डेथ मेटल तर वेगासाठीच ओळखलं जातं ना?

वेगवान डेथ मेटलमध्ये मिनिटाला २०० ठोके सहज पडतात. इथे तोच आकडा बहुतेक वेळा ६० ते ९० च्या घरात असतो. बाकी सामग्री तीच: खालच्या सुरात उतरवलेल्या गिटार, भरपूर डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं), घशाच्या तळातून काढलेला ग्रोल, डबल बास ड्रम. डेथ मेटल आणि डूम मेटल (मेटलचा संथ, जड प्रकार) यांच्या या मिश्रणाला डेथ-डूम म्हणतात. त्यात सुरावटीवर भर असला की मेलोडिक डेथ-डूम.

वेग उतरला की नेमकं काय बदलतं ते आकड्यांत पाहा. २०० च्या गतीला चार ठोक्यांचा एक बार १.२ सेकंदांत संपतो. ६० च्या गतीला त्याच बारला चार सेकंद लागतात आणि चार बारची एक ओळ पूर्ण सोळा सेकंद चालते. सोळा सेकंदांत गिटारवादक एक सूर लावू शकतो, तो हलवू शकतो, सोडू शकतो, थांबू शकतो. वेगवान डेथ मेटलमध्ये सुराला एवढी जागा मिळतच नाही.

स्कँडिनेव्हियन म्हणता, मग त्यात फिनलंडचे बँड कसे?

भूगोलाच्या हिशेबाने स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. फिनलंड नॉर्डिक देश आहे, त्याची भाषाही अगदी वेगळ्या कुळातली. पण या संगीतात स्टॉकहोम आणि हेलसिंकी यांच्यात स्टुडिओ, लेबल आणि वादक यांची इतकी ये-जा राहिली आहे की ऐकणारे त्यांना एकाच घरात धरतात. इथेही तसंच धरलं आहे.

यातली गिटारची सुरावट मनाला एवढी का भिडते?

कारण इथे गाण्याचं काम गिटारवर येऊन पडलेलं असतं.

ग्रोलमध्ये ठरलेला सूर नसतो. गायक शब्द उच्चारतो, लय धरतो, आवाजाचा रंग गडद-फिका करतो, पण सा-रे-ग-म लावत नाही. चित्रपटगीत असो, भावगीत असो की रॉक, आपल्या कानाला गळ्यातून चाल ऐकण्याची सवय झालेली असते. इथे गळा ती जागा रिकामी सोडतो आणि लीड गिटार, म्हणजे सुरावट वाजवणारी गिटार, तिथे येऊन बसते. म्हणून या गिटारची सुरावट गाण्याच्या मधोमध भरलेल्या सोलोसारखी वाटत नाही. अख्ख्या गाण्याची चाल तीच असते, घरी परतताना ओठांवर तीच येते.

दुसरं कारण आणखी खोल आहे, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. मेटलमधली रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा, बहुतांशी पॉवर कॉर्डवर उभी असते. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम, त्यात गंधार नाही. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारच ठरवतो, त्यामुळे नुसती रिफ भारदस्त आणि काळीकुट्ट वाटली तरी ती अजून दुःखीही नसते आणि आनंदीही नसते. वर लीड गिटार येते, कोमल गंधार लावते आणि त्या क्षणी खालच्या सगळ्या दगडी आवाजाला अर्थ मिळतो. दुःख खरोखर सुरावटीबरोबर आत येतं. रिफ एकटी चार बार वाजते आणि पाचव्या बारला लीड येते, अशी गाणी या प्रकारात असंख्य आहेत. त्या पाचव्या बारच्या पहिल्या सुरासाठीच आपण हे संगीत ऐकतो.

मग ग्रोलची गरजच काय? नुसती गिटार ठेवली तर?

काही बँडनी अधूनमधून तसं करून पाहिलं आहे, आणि ते सुंदरही होतं. पण ग्रोल काढला की गिटारचं एकटेपण जातं. खाली काहीतरी खरखरीत, सूर नाकारणारं असल्यामुळेच वरचा सूर इतका उघडा पडतो. नुसती गोड धून असती तर दुसऱ्यांदा ऐकताना ती गुळमट लागली असती. ग्रोलमुळे तिला तो धोका राहत नाही. ड्रेकोनियनसारख्या बँडमध्ये ग्रोलच्या जोडीला स्त्रीचा सुरेल आवाजही असतो. स्वीडनमधल्या सेफ्लं गावचा हा बँड. त्यांच्या २००५ च्या 'आर्केन रेन फेल' या अल्बमच्या शेवटी 'डेथ, कम नियर मी' हे पंधरा मिनिटांचं गाणं आहे. सुरेल आवाज, ग्रोल आणि योहान एरिक्सनची गिटार असे तिघे त्यात आळीपाळीने पुढे येतात. ते ऐकलं की मुद्दा लगेच लक्षात येतो.

दोन गिटार असतात. त्या नेमकं काय करतात?

बहुतेक वेळा एक गिटार खाली रिफ धरते आणि दुसरी वर सुरावट वाजवते. पण ऐन मोक्याच्या जागी दोघी वर येतात आणि एकच चाल तिसऱ्या सुराच्या अंतराने वाजवतात: एकीचा षड्ज असेल तेव्हा दुसरीचा गंधार, एकीचा ऋषभ असेल तेव्हा दुसरीचा मध्यम. हीच ती हार्मनी.

हे एकाच गिटारवर का करत नाहीत, असा प्रश्न येतो. कारण डिस्टॉर्शन. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र घातले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून नवे, नको असलेले सूर तयार होतात. षड्ज-पंचम जोडीत हे जास्तीचे सूर मूळ सुरांशी जुळतात, म्हणून पॉवर कॉर्ड भरीव वाटतो. षड्ज-गंधार जोडीत ते जुळत नाहीत आणि सगळं गढूळ होतं. दोन वादक, दोन वेगळे अँप, प्रत्येकावर एकेकच सूर, असं केलं की गंधार स्वच्छ राहतो. रेकॉर्डिंगमध्ये एक गिटार डाव्या कानाला आणि दुसरी उजव्या कानाला ठेवतात. म्हणून हे संगीत हेडफोनवर ऐकावं, असं मी आग्रहाने सांगतो. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर या दोन आवाजांमधलं अंतर पार मिटून जातं.

डिस्टॉर्शनचा दुसरा उपयोग सूर लांबवण्याचा. तार छेडली की तिचा आवाज लगेच उतरू लागतो. अँपवर गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, भरपूर असला तर उतरता आवाजही बराच वेळ त्याच पातळीवर टिकलेला ऐकू येतो. साध्या गिटारवर दोन क्षणांत विरणारा सूर इथे अख्खा बारभर उभा राहतो. इतक्या संथ लयीत सुरावट वाजवणं शक्य होतं ते यामुळे.

मी थोडं शास्त्रीय शिकलो आहे. हे सूर ओळखीचे का वाटतात?

कारण ते ओळखीचेच आहेत. या संगीतातली सर्वात जास्त वापरली जाणारी स्वरमाला म्हणजे नॅचरल मायनर. भातखंडे यांच्या दहा थाटांत ती आसावरी थाट म्हणून येते: गंधार, धैवत आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. निषाद शुद्ध केला की हार्मोनिक मायनर, म्हणजे कीरवाणीचे स्वर. ते प्रामुख्याने ओळ संपवून षड्जाकडे परततानाच्या जागी येतात. तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर नेण्याची युक्ती, जिला गिटारवादक बेंड म्हणतात, ऐकताना मींडेची आठवण करून देते. ओढ जितकी सावकाश, तितकी ती आठवण पक्की.

पण साम्य इथेच थांबतं, आणि पुढचा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे खालचा आधारच सरकत राहतो. समजा लीड गिटार पंचमावर थांबली आहे. रिफ मूळ षड्जावर असेपर्यंत तो पंचमच असतो. रिफ कोमल धैवतावर गेली की त्या नव्या आधाराच्या हिशेबाने तोच सूर शुद्ध निषाद होतो आणि टोचू लागतो. रिफ कोमल गंधारावर गेली की तोच सूर शुद्ध गंधार होतो आणि क्षणभर उजेड पडल्यासारखं वाटतं. वादकाने बोटही हलवलेलं नसतं. संथ लयीमुळे यातला प्रत्येक बदल कानाला पुरेपूर चाखायला मिळतो. रागसंगीताचा कान असलेल्या माणसाला यात खास आनंद आहे, कारण एकाच सुराकडे किती वेळ पाहता येतं हे त्याला आधीच ठाऊक असतं.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली?

उत्तरेत नव्हे, इंग्लंडमध्ये. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या पॅराडाइज लॉस्ट या बँडने १९९१ मध्ये 'गॉथिक' हा अल्बम काढला. त्यात ग्रेगर मॅकिंटॉशची लीड गिटार सोलोची वाट न बघता ग्रोलच्या बरोबरीने सतत वर वाजत राहते. त्याच सुमारास माय डाइंग ब्राइड आणि अनॅथेमा हे इंग्रजी बँडही पुढे आले. स्वीडन-फिनलंडमधल्या तेव्हाच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर या तिघांचा, त्यातही पॅराडाइज लॉस्टचा, मोठा पगडा होता.

उत्तरेच्या पोरांनी त्यात स्वतःची भर घातली. १९९३ मध्ये स्टॉकहोमच्या कॅटाटोनियाचा 'डान्स ऑफ डिसेंबर सोल्स' आला. १९९४ मध्ये हेलसिंकीच्या अमॉर्फिसचा 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'. त्याची गीतं 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यावर बेतलेली आहेत. एलियास ल्योनरोट यांनी मौखिक गीतांमधून संकलित करून १८३५ मध्ये आणि वाढवून १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ. अमॉर्फिसच्या धुनाही लोकगीतासारख्या मोजक्या सुरांत, शेजारच्या सुरावरून शेजारच्या सुरावर चालणाऱ्या. 'ब्लॅक विंटर डे'ची मुख्य धून एकदा ऐकून गुणगुणता येते, आणि डेथ मेटलच्या गाण्याबद्दल असं म्हणता येणं ही १९९४ मध्ये नवलाची गोष्ट होती.

कॅटाटोनियाचा 'ब्रेव्ह मर्डर डे' एवढा मोठा का मानतात?

माझ्यासाठी हा या प्रकारातला सर्वात महत्त्वाचा अल्बम आहे, म्हणून थोडं सविस्तर.

१९९६ चा हा अल्बम. पहिल्या तीन गाण्यांची नावं ओळीने 'ब्रेव्ह', 'मर्डर' आणि 'डे'. बँडचा गायक योनास रेन्कसे याला तोवर ग्रोल करणं झेपेनासं झालं होतं. म्हणून ग्रोलसाठी ओपेथ या स्वीडिश बँडच्या मिकाएल ओकरफेल्टला बोलावलं आणि रेन्कसेने ड्रम सांभाळले. गिटारवर आंडर्स न्यूस्ट्रोम आणि नव्याने आलेला फ्रेड्रिक नॉर्मन.

या दोघांनी जे केलं त्यात दिखाऊ काहीच नाही. एक गिटार कॉर्ड एकसारखे घासत राहते, दुसरी तीन-चार सुरांची छोटी धून वर वाजवते आणि ती धून पुन्हा, पुन्हा, पुन्हा येते. ड्रम साधेच, जवळजवळ रॉकसारखे. सोलो नाहीत. 'ब्रेव्ह' दहा मिनिटांच्या आसपास चालतं आणि त्यात लिहून काढावं असं साहित्य फारच थोडं आहे. तरी ते कंटाळवाणं होत नाही, कारण आवर्तनागणिक धून तीच राहते आणि ऐकणारा बदलतो. पहिल्यांदा ती नुसती छान वाटते, चौथ्यांदा तिच्यातल्या एखाद्या सुराची वाट पाहू लागतो, आठव्यांदा ती बदलू नये असं वाटतं. आणि नेमकी तेव्हा ती बदलते.

'डे'मध्ये ग्रोल नाहीच. स्वच्छ गिटार आणि रेन्कसेचा हळू, जवळजवळ संकोचलेला आवाज. ते त्या अल्बमच्या मधोमध ठेवणं धाडसाचं होतं. दोन वर्षांनी 'डिस्करेज्ड वन्स'मध्ये बँडने ग्रोल पूर्ण सोडला, म्हणजे 'डे'मध्ये पुढची वाट दिसली होती. ज्यांना जुनी वाट हवी होती त्यांच्यासाठी रेन्कसे आणि नॉर्मन यांनीच ऑक्टोबर टाइड नावाने १९९७ मध्ये 'रेन विदाउट एंड' काढला. तोही जरूर ऐका. त्यातल्या लीड गिटार 'ब्रेव्ह मर्डर डे'पेक्षाही हळव्या आहेत.

उत्तरेतला लांब हिवाळा आणि अंधार, हेच यामागचं कारण ना?

हवामानाचा वाटा असेल, पण तेवढ्यावर उत्तर भागत नाही. अंधार इतरत्रही असतो. मला त्याहून वजनदार वाटतात ती दोन कारणं.

एक, लोकांच्या कानात आधीपासून मुरलेलं मायनर. स्वीडिश लोकगीतांमध्ये मायनर चाली विपुल आहेत. यान योहानसन या पियानोवादकाने १९६४ च्या 'याझ पो स्वेन्स्का'मध्ये त्या धुना अगदी कमी सुरांत वाजवल्या आणि तो अल्बम तिथे घरोघरी पोहोचला. फिनलंडमध्ये तर टँगो हा राष्ट्रीय छंद आहे आणि फिनिश टँगो बहुतांशी मायनरमध्येच असतो. सेइनायोकी शहरात १९८५ पासून टँगोचा मोठा वार्षिक महोत्सव भरतो. म्हणजे आजी-आजोबा ज्या सुरांवर नाचत होते, तेच सूर नातवंडांनी डिस्टॉर्शन लावून वाजवले.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या अभ्यासमंडळांकडून तरुण बँडना सरावाची जागा मिळते. वाद्य शिकायला आणि रात्री आवाज करायला जागा असली की पंधराव्या वर्षी बँड सुरू होतो. एकोणिसाव्या वर्षी पहिला अल्बम येतो तो असा.

स्टॉकहोमचा करवतीसारखा गिटार-आवाज म्हणतात, तो हाच का?

नाही, पण नातं आहे. तो आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलची बटणं शेवटपर्यंत फिरवून मिळतो. टोमास स्कोग्सबेर्गच्या सनलाइट स्टुडिओत झालेल्या एन्टूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ'मुळे १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. अमॉर्फिसनेही 'थाउजंड लेक्स' तिथेच रेकॉर्ड केला. कॅटाटोनियाचे सुरुवातीचे अल्बम मात्र डान स्वानोच्या युनिसाउंड स्टुडिओत झाले. तिथला आवाज कमी खरबरीत आणि जास्त पसरट आहे, आणि लांब धुनांना तोच मानवतो.

गोथेनबर्गचं मेलोडिक डेथ मेटल वेगळं का धरायचं?

वेगामुळे. अॅट द गेट्स, इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी यांच्या धुना धावत्या आहेत आणि त्यांच्या मागे आयर्न मेडनच्या जोडगिटारची परंपरा आहे. उत्तम संगीत आहे, पण त्याचा आनंद निराळा.

डेन्मार्कमधून काय ऐकावं?

सॅटर्नस. कोपनहेगनच्या या बँडने अल्बम मोजकेच काढले आणि दोन अल्बममध्ये बरीच वर्षं जाऊ दिली. पहिला 'पॅराडाइज बिलाँग्ज टू यू' १९९७ मध्ये आला, 'व्हेरोनिका डिसाइड्स टू डाय' २००६ मध्ये, 'सॅटर्न इन असेन्शन' २०१२ मध्ये आणि 'द स्टॉर्म विदिन' थेट २०२३ मध्ये. लीड गिटार हेच मुख्य पात्र असलेला यांच्याइतका ठळक बँड मला दुसरा माहीत नाही. थोमास येन्सनचा ग्रोल खोल आहे, मध्येच तो नुसतं बोलतो, आणि त्या बोलण्याच्या वेळी मागे गिटार जे वाजवते ते गाण्यातलं सर्वोत्तम असतं. 'व्हेरोनिका'मधलं 'आय लाँग' ऐका. त्यातली धून भावुक आहे, आणि ते लपवायचा प्रयत्नही ती करत नाही. काहींना ती जास्तच वाटते. मला तो निःसंकोचपणाच आवडतो.

आणि फिनलंडमधून?

अमॉर्फिस वर आलंच. पुढच्या पिढीत स्वॅलो द सन. युवास्क्युला शहरात २००० मध्ये युहा राइवियोने हा बँड सुरू केला. २००३ चा 'द मॉर्निंग नेव्हर केम' आजही त्यांच्या सर्वोत्तम कामांत मोडतो. त्याचं पहिलंच गाणं 'थ्रू हर सिल्व्हरी बॉडी' वजन आणि धून यांचा मेळ कसा घालावा याचा धडा आहे. २००७ च्या 'होप'मधल्या एका गाण्यात कॅटाटोनियाचा रेन्कसे पाहुणा म्हणून गायला आहे. २०१५ मध्ये त्यांनी 'साँग्ज फ्रॉम द नॉर्थ' हा तीन डिस्कचा अल्बम काढला: पहिली डिस्क नेहमीच्या शैलीची, दुसरी शांत आणि बिनडिस्टॉर्शनची, तिसरी अतिसंथ फ्युनरल डूमची. राइवियोची गिटार या तिन्हींत ओळखू येते, कारण तो सूर सोडताना घाई करत नाही.

२०१६ मध्ये राइवियोची जोडीदार, गायिका आलेया स्टॅनब्रिज, गेली. दोघांच्या ट्रीज ऑफ इटर्निटी या बँडचा 'अवर ऑफ द नाइटिंगेल' तिच्यानंतर प्रसिद्ध झाला. २०१९ चा स्वॅलो द सनचा 'व्हेन अ शॅडो इज फोर्स्ड इन्टू द लाइट' याच शोकातून आला आहे. हे माहीत नसतानाही ते अल्बम उत्तम वाटतात. माहीत झाल्यावर मात्र गिटारच्या काही जागा ऐकताना थांबावं लागतं.

हे ऐकून माणूस उदास होत नाही का?

माझा अनुभव उलट आहे. मन जड असताना आनंदी गाणी अंगावर येतात. अशा वेळी हे संगीत घाई करत नाही, समजूत घालत नाही, नुसतं सोबत बसतं. करुण रसात आस्वाद असतो हे आपल्या परंपरेला जुनंच ठाऊक आहे. तरीही एखाद्याला हे ऐकून खरोखर त्रास होत असेल, तर त्याने बंद करावं. आवडलंच पाहिजे असं काही नाही.

सोलोमध्ये वेग नसतो. मग हे वादक कमी कसबी का?

संथ वाजवताना लपायला जागा नसते. बेंड किंचित कमी पडला तर सूर चार सेकंद बेसुरा उभा राहतो आणि सगळे ऐकतात. व्हायब्राटोची हलकी थरथर कुठे सुरू करायची, किती रुंद ठेवायची, हे हाताला कळायला वर्षं लागतात. वेग मेट्रोनोमवर मोजता येतो, ही समज मोजता येत नाही, म्हणून तिचं कौतुक कमी होतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

ग्रोलची सवय नसेल तर कॅटाटोनियाच्या 'डे'पासून, मग 'ब्रेव्ह'. जुनं रॉक आवडत असेल तर अमॉर्फिस. भावगीतांचा ओढा असेल तर सॅटर्नस. अल्बम पहिल्या गाण्यापासून ओळीने ऐका. शफलवर ही गाणी कोसळतात, कारण एका गाण्याचा शेवट पुढच्याची जमीन तयार करत असतो.

गिटार शिकतोय. असं वाजवायला काय लागेल?

महागडी गिटार लागत नाही. सगळ्या तारा नेहमीच्या ई ट्यूनिंगपेक्षा दोन ते पाच अर्धस्वर खाली उतरवा. खूप खाली जायचं असेल तर जाड तारांचा संच घ्या, नाहीतर तारा सैल पडून सूर हलतो. लीडसाठी गेन रिफपेक्षा थोडं कमी ठेवा, मिड (आवाजाचा मधला पट्टा) वाढवा, त्यावर हलका डिले (प्रतिध्वनी). मिड कापून टाकणं ही नवशिक्यांची आवडती सवय. त्याने खोलीत एकट्याने वाजवताना आवाज भारी वाटतो आणि बँडमध्ये लीड ऐकूच येत नाही.

मग मेट्रोनोम ६० वर लावा आणि नॅचरल मायनरमधले फक्त चार सूर घ्या. त्यांतून चार बारची ओळ बनवा, ती रेकॉर्ड करा आणि तिच्यावर तिसऱ्या सुराच्या अंतराने दुसरी ओळ वाजवा. जिथे दुसरी ओळ स्वरमालेबाहेर जाते असं वाटेल तिथे अंतर मोजून बदलू नका. स्वरमालेतला जवळचा सूर घ्या, म्हणजे कुठे अंतर तीन अर्धस्वरांचं होईल, कुठे चारांचं. हे हाताला बसलं की खालची रिफ कोमल धैवतावर आणि कोमल गंधारावर हलवून पाहा, वरची ओळ मात्र तशीच ठेवा.

आणि बेंड करण्याआधी ज्या सुरावर पोहोचायचंय तो सूर पुढच्या पडद्यावर दाबून एकदा ऐकून घ्या. प्रत्येक वेळी.